माझ्यानें हें होईल काय?

गेल्या उन्हाळ्यांत अकोल्यास आमच्या घरीं एक आनंदाचा प्रसंग आला. माझी पुतणसून बऱ्याच वर्षांपासून एका शाळेंत शिक्षिका आहे. तिला मुख्याध्यापिकेचें पद देण्याचें ठरलें. घरांत साहजिकच आनंदीआनंद झाला. देवापुढें साखर ठेवली गेली, मुलांनीं गल्लीभर वार्ता केली, तिच्या सासूबाईंनीं पुरणाचा घाट घातला. परंतु जिच्यासाठीं हें सारें चाललें होतें ती मात्र जेवणें आटोपल्यावर मागल्या अंगणांत एकटीच बसलेली मला दिसली. मीं विचारलें तेव्हां ती हळूच म्हणाली, "काका, सर्वांना आनंद झाला आहे म्हणून बोलवत नाहीं. पण खरें सांगूं? मला भय वाटतें. माझ्यानें हें होईल का? वर्गांत शिकवणें निराळें आणि शाळा चालविणें निराळें. मला हिशेब कळत नाहीं, चारचौघांत बोलतां येत नाहीं, आणि वयानें मोठ्या शिक्षकांना चार शब्द सुनावणें तर मुळींच जमणार नाहीं."

मीं तिला त्या वेळीं 'देवावर भरंवसा ठेव, सर्व ठीक होईल' असें म्हटलें आणि उठून आंत आलों. हें वाक्य आपल्या घरांतून वडील माणसें सहज उच्चारतात. परंतु अंथरुणावर पडल्यावर माझें मलाच वाटूं लागलें, कीं आपण त्या पोरीच्या प्रश्नाला उत्तर दिलें, कीं तो प्रश्न चुकविला? देवावर भरंवसा ठेवावयाचा म्हणजे उद्यां शाळेंत जाऊन त्या खुर्चीवर बसल्यावर तिनें नेमकें काय करावयाचें? तें मीं सांगितलेंच नव्हतें. प्रस्तुत लेख हा त्या रात्रीं सुरू झालेल्या विचारांचा परिपाक आहे. पुढील उत्तर माझ्या विद्वत्तेचें नव्हे. आपल्याच वऱ्हाडांत होऊन गेलेल्या दोन-तीन सत्पुरुषांच्या चरित्रांनीं आणि आमच्या दिवंगत थोरल्या वहिनींच्या एका वाक्यानें तें मला शिकविलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अंगावर आलेलें मोठें काम पाहून ज्याच्या पोटांत गोळा उठतो, तो मनुष्य दुबळा अथवा अश्रद्ध असतो असें मुळींच नाहीं. कविकुलगुरु कालिदासासारखा कवि रघुवंशाच्या अगदीं आरंभीं आपली बुद्धि अल्प असल्याचें सांगतो, लहानशा तराफ्यावरून सागर तरून जाण्यास निघालेल्याशीं आपली तुलना करितो आणि लोक आपणांस हंसतील अशी धास्तीही बोलून दाखवितो. श्रीज्ञानेश्वरमहाराज शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, नेवासें येथें गीतेचा अर्थ मराठींत सांगते झाले. त्यांनींही पहिल्याच अध्यायांत, चोंचीनें समुद्राचें माप घेऊं पाहणाऱ्या टिटवीचा दृष्टांत स्वतःला लाविला आहे. अर्जुनाची तर गोष्टच नको. त्याच्या धनुर्विद्येंत कांहींच उणें नव्हतें. परंतु ऐन रणांगणावर त्याचें मन खचलें आणि गांडीव हातांतून गळालें. या सर्वांचें भय खरें होतें. तथापि रघुवंश लिहिला गेला, गीतेवरील टीका पूर्ण झाली आणि अर्जुनही पुन्हां उभा राहिला. म्हणून 'मला भय वाटतें' हें कामास नकार देण्याचें कारण होऊं शकत नाहीं. फार तर तें विचार करण्याचें कारण होईल.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. अमरावती जिल्ह्यांत चांदूरबाजाराकडे माधान नांवाचें खेडें आहे. तेथील गोंदुजी मोहोड या कुणबी शेतकऱ्याच्या पोटीं ६ जुलै १८८१ रोजीं एक मुलगा जन्मला. त्याचें नांव गुलाब. मूल वर्षाचेंही झालें नव्हतें तोंच त्याची दृष्टि कायमची गेली. चार वर्षांचें झालें तेव्हां आई वारली, आणि पुढील कांहीं वर्षें आजोळीं गेलीं. त्या काळीं आंधळ्या मुलाच्या शिक्षणाची सोय म्हणजे काय असणार? हिंदुस्थानांतील अंधांची पहिली शाळा १८८७ सालीं निघाली ती दूर अमृतसरास. वऱ्हाडांतील खेड्यांतल्या, आई नसलेल्या आंधळ्या मुलाकडून गांवानें कसली अपेक्षा करावी? कोणी हात धरून नेईल तिकडे जावें, कोणी वाढील तें खावें, एवढीच त्याची वाट सर्वांना दिसत असावी.

त्याच मुलाला आज आपण प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज म्हणून ओळखतों. त्यांना आयुष्य लाभलें तें अवघें चौतीस वर्षांचें. २० सप्टेंबर १९१५ रोजीं पुणें येथें त्यांनीं देह ठेविला. परंतु तेवढ्या अवधींत त्यांच्या नांवावर लहानमोठे सव्वाशेंहून अधिक ग्रंथ जमा झाले. त्यांत संस्कृत आहेत, मराठी आहेत, हिंदीही आहेत. वेदांत, भक्तिशास्त्र, योग, आयुर्वेद, संगीत हे विषय आहेत. इतकेंच नव्हे, तर डार्विन आणि स्पेन्सर या पाश्चात्य पंडितांच्या मतांचें परीक्षणही आहे. श्रीज्ञानेश्वरांचा अनुग्रह आपणांस १९०१ सालीं झाला असें ते सांगत आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. श्रीकृष्णाची उपासना ते पत्नीभावानें करीत. कुंकू आणि मंगळसूत्रही धारण करीत. या गोष्टीला हंसणारे तेव्हांही होते. त्यांच्या भक्तिमार्गाचें विवेचन करण्याचा माझा अधिकार नाहीं. मला येथें एकच साधा प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो शाळामास्तराचा प्रश्न आहे: ज्याला एक अक्षर दिसत नव्हतें त्यानें एवढे ग्रंथ वाचले कसे आणि लिहिले कसे?

याचें उत्तर पुष्कळ जण 'ईश्वरी कृपा' या दोन शब्दांत देतात. तें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. ती कृपा प्रत्यक्षांत कोणत्या वाटेनें आली तें पाहण्यासारखें आहे. कोणी तरी ग्रंथ हातीं घेऊन मोठ्यानें वाची आणि महाराज ऐकत. ऐकलेलें ते धारण करीत. पुढें ते सांगूं लागत आणि दुसरा कोणी तरी तें उतरून घेई. म्हणजे वाचतांना डोळे दुसऱ्याचे आणि लिहितांना हात दुसऱ्याचा. महाराजांची बुद्धि असामान्य होती यांत शंका नाहीं. परंतु ग्रंथाचें एकेक पान उलटण्यासाठीं ज्याला दुसऱ्याला 'बाबा रे, पुढें वाच' असें म्हणावें लागतें, त्याला आपलें उणें झांकून ठेवतांच येत नाहीं. डोळस मनुष्य आपलें अज्ञान वर्षानुवर्षें लपवूं शकतो. आंधळ्याला ती सवलत नाहीं.

आणखी एका गोष्टीकडे मी आपल्यासारख्या सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों. महाराजांच्या भोंवतीं जमलेल्या शिष्यवर्गांत शिकलेले ब्राह्मण होते. त्यांचे पट्टशिष्य बाबाजी महाराज पंडित यांनीं पुढें त्यांची परंपरा चालविली. ज्या घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या शास्त्र सांगावें आणि इतरांनीं तें ऐकावें अशी रूढि होती, त्या घराण्यांतील माणसें एका कुणब्याच्या आंधळ्या मुलासमोर लेखणी घेऊन बसलीं. महाराजांजवळ दृष्टि नव्हती ती या शिष्यांनीं पुरविली. शिष्यांजवळ जें नव्हतें तें महाराजांनीं दिलें. देणारा कोण आणि घेणारा कोण हें सांगणें कठीण आहे. आपलें उणें दोघांनींही कबूल केलें, म्हणूनच तो संबंध जुळला. महाराज गेले तेव्हां या शिष्यांना काय वाटलें असेल? एवढा मोठा ग्रंथभार मागें राहिलेला आणि सांगणारा गेलेला! 'माझ्यानें हें होईल काय' हा प्रश्न त्यांनाही पडला असेल तर नवल नाहीं. परंतु तें धन त्यांनीं सांभाळलें आणि पुढील पिढ्यांच्या हातीं दिलें, एवढें खरें.

हें एकदां लक्षांत आलें म्हणजे जुन्या कथांचाही निराळाच अर्थ दिसूं लागतो. ज्ञानेश्वरमहाराजांनीं गीतेचा अर्थ सांगितला खरा, पण तो लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा होते, आणि त्यांचा उल्लेख ग्रंथाच्या शेवटीं आदरानें केलेला आहे. महाभारत रचणाऱ्या व्यासांना लेखक म्हणून साक्षात् गणपति लागला अशी आपली परंपरागत कथा आहे. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांतही अशीच एक मार्मिक कथा सांपडते. आपल्या लोकांना मिसरच्या राजाच्या दास्यांतून सोडविण्याची आज्ञा देवानें मोशेला केली, तेव्हां तो म्हणाला, कीं मला नीट बोलतां येत नाहीं, माझी जीभ जड आहे. देवाला त्याची जीभ तत्काळ मोकळी करितां आली नसती काय? परंतु कथेंत तसें झालेलें नाहीं. देवानें त्याचा भाऊ अहरोन त्याच्या सोबतीस दिला आणि सांगितलें, कीं तुझ्या वतीनें हा बोलेल. मोशेची जीभ जड ती जडच राहिली. काम मात्र झालें. आपण देवाजवळ मागतों तें आपलें उणें नाहींसें व्हावें असें. तो पुष्कळदां उणें तसेंच ठेवितो आणि शेजारीं एक माणूस आणून उभा करितो. आपण त्या माणसाकडे पाहतच नाहीं आणि देवानें ऐकलें नाहीं म्हणून कष्टी होतों.

आपल्या वऱ्हाडाचा दुसरा महापुरुष घ्या. देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें परिटाच्या घरीं झाला. वडील व्यसनापायीं लवकर वारले, आणि मुलाचें बालपण अकोला जिल्ह्यांत मूर्तिजापूरजवळील दापुरें गांवीं मामाच्या घरीं गुरें राखण्यांत आणि शेतीच्या कष्टांत गेलें. शाळा ठाऊक नाहीं, अक्षरओळख नाहीं. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. हातांत खराटा, दुसऱ्या हातांत मातीचें गाडगें, अंगावर चिंध्या. पुढें सारा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणूं लागला. कीर्तनकार म्हटला म्हणजे त्याला पुराणें, संतवचनें, संस्कृत श्लोक यांचा पाठ असावा अशी आपली समजूत. बाबांजवळ पोथी नव्हती. मग त्यांनीं कीर्तन केलें तें कसें? ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण कां करितां, देवाला बकरें कां मारितां, मुलाला शाळेंत कां घालीत नाहीं, असें एकेक विचारून उत्तर समोरच्या शेतकऱ्याच्याच तोंडून वदवून घेत. मीं आयुष्यभर शिक्षकाचा धंदा केला. प्रश्न विचारून शिकविण्याची ती हातोटी मला पुस्तकें वाचूनही तितकीशी साधली नाहीं. ज्याला आपण बाबांची उणीव म्हणूं तीच त्यांची पद्धति झाली.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणीं त्यांनीं गोरगरिबांसाठीं धर्मशाळा उभ्या केल्या. यासाठीं लागणारी कागदपत्रें, हिशेब, विश्वस्तांची व्यवस्था हीं त्यांना एकट्यानें कशीं करितां येणार? तीं त्यांनीं जाणत्या माणसांच्या हातीं सोंपविलीं आणि स्वतः त्या इमारतींवर मालकी सांगितली नाहीं. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळच, प्रवासांत असतां, त्यांचें देहावसान झालें. आज अमरावतीचें विद्यापीठ त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. ज्याला स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें त्याच्या नांवाची पदवी घेऊन आपल्या घरांतील मुलें बाहेर पडतात, हा योगायोग नीट विचारांत घेण्यासारखा आहे.

एवढ्या थोरांच्या पंक्तीला माझी स्वतःची गोष्ट बसवणें शोभत नाहीं. पण पुतणसुनेच्या प्रश्नाचें खरें उत्तर मला त्याच गोष्टींत मिळालें होतें, म्हणून ती सांगतों. मी एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. आमचे मुख्याध्यापक एकाएकीं दीर्घ आजारानें अंथरुणास खिळले आणि सेवाज्येष्ठतेमुळें शाळेचा भार माझ्यावर आला. मला रूपावली आणि समासचक्र यांपलीकडे जग ठाऊक नव्हतें. कीर्द, खतावणी, पगारपत्रक हे शब्द ऐकलेले होते, एवढेंच. मी रोज पहाटे स्नान करून देव्हाऱ्यापुढें बसें आणि 'देवा, मला यांतलें कांहीं येत नाहीं, तूंच सांभाळ' अशी विनवणी करीं. मग शाळेंत जाऊन, सर्व कळत असल्याचा आव आणून, पुढें येईल त्या कागदावर सही करीं. पहिल्याच महिन्यांत पगारपत्रकांत ढोबळ चूक निघाली, तें परत आलें, आणि सगळ्या शिक्षकांचे पगार आठवडाभर लांबले. एका सहकाऱ्याच्या घरीं त्याच आठवड्यांत मुलीचें बाळंतपण होतें. त्याला उसने पैसे काढावे लागले. तो मला कांहीं बोलला नाहीं. तें न बोलणेंच मला अधिक लागलें.

त्या रात्रीं मी जेवलों नाहीं. आमच्या थोरल्या वहिनींनीं कारण विचारलें. त्यांचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेलें. मीं सर्व हकीकत सांगितली आणि शेवटीं म्हटलें, "वहिनी, रोज देवापुढें बसून सांगतों, कीं मला हें जमत नाहीं. तो तरी काय करणार?" वहिनी ताट झांकून ठेवीत म्हणाल्या, "भाऊजी, देव्हाऱ्यापुढें बसून म्हणतां तेंच उद्यां त्या तुमच्या कारकुनापुढें जाऊन म्हणा. देवाला तें आधींच ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाहीं त्याला सांगा."

मला तें वाक्य प्रथम झोंबलें. कारकून माझ्याहून वीस वर्षांनीं लहान, कधीं काळीं माझ्याच वर्गांत बसलेला. त्याच्यापुढें मुख्याध्यापकाच्या खुर्चींतून 'मला येत नाहीं' म्हणावयाचें! पण दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर मीं तें म्हटलें. तो क्षणभर गोंधळला, मग खुर्ची ओढून शेजारीं बसला. पुढें दोन महिने रोज सायंकाळीं तासभर त्यानें मला हजेरीपटापासून खतावणीपर्यंत सर्व शिकविलें. शिक्षकांच्या सभेंत मीं चूक माझी होती हें सांगून क्षमाही मागितली. त्यानंतर सही करण्यापूर्वीं 'हें काय आहे' असें विचारावयास मला कधीं लाज वाटली नाहीं. मी मोठा कारभारी झालों असें नव्हे. परंतु मुख्याध्यापक बरे होऊन परत आले तेव्हां शाळा त्यांना जशीच्या तशी सुपूर्द करितां आली. देवानें माझी प्रार्थना ऐकली होती. त्याचें उत्तर समोरच्या टेबलाशीं रोज बसत होतें. मीं तिकडे पाहिलें नव्हतें, इतकेंच.

पुढें गीतेचा अठरावा अध्याय वाचतांना वहिनींच्या बोलण्याचें शास्त्र मला सांपडलें. कोणतेंही कर्म सिद्धीस जाण्यास पांच कारणें लागतात असें तेथें सांगितलें आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळीं करणें, विविध चेष्टा आणि पांचवें दैव. यांतील 'करण' म्हणजे शास्त्रार्थानें इंद्रियें; पण व्यवहारांत ज्याच्या डोळ्यांनीं आपण पाहतों आणि ज्याच्या हातांनीं आपण काम करवितों, तीं माणसेंही आपलीं करणेंच नव्हत काय? आतां पाहा. 'माझ्यानें हें होणार नाहीं' म्हणून जो बसून राहतो, तो पांचही कारणांचा भार एकट्या कर्त्यावर टाकतो. 'देव करील' म्हणून जो बसून राहतो, तो चार कारणें मोडींत काढून सगळा भार पांचव्यावर टाकतो. दोघेही बसूनच राहतात हें लक्षांत ठेवावें. खरा भाविक आपल्या वांट्याचें एक पंचमांश करितो, उरलेल्यांसाठीं योग्य माणसांकडे हात पसरतो आणि दैवाचा भाग दैवावर सोडतो. श्रीकृष्णानेंही अर्जुनाच्या हातचें धनुष्य घेऊन स्वतः लढाई केली नाहीं. तो लगाम धरून रथावर बसून राहिला. भरंवसा ठेवावयाचा तो अशा सारथ्यावर.

येथें कोणी शंका घेईल, कीं मग पात्रता नसतांही देवाचें नांव घेऊन कोणतेंही काम अंगावर घ्यावें काय? मुळींच नाहीं. ज्याला पोहतां येत नाहीं त्यानें 'देव तारील' म्हणून दुसऱ्याचें मूल खांद्यावर घेऊन भरल्या पूर्णेंत उतरूं नये. वैद्यक, बांधकाम, औषधें बनविणें अशा कामांत आपल्या अज्ञानाची किंमत दुसरा मोजतो. तेथें आधीं शिकावें, आधीं परीक्षा द्यावी. न शिकतां पुढें होणें ही श्रद्धा नसून दांडगाई होय. पगार लांबला तेव्हां माझ्या अज्ञानाची किंमत मीं नव्हे, माझ्या सहकाऱ्यानें मोजली, हें मी विसरलों नाहीं. परंतु ज्यांनीं आपणांस पारखून काम सोंपविलें आहे, जें शिकतां येण्यासारखें आहे आणि ज्यांत विचारावयास माणूस जवळ आहे, तेथें माघार घेण्यापूर्वीं आपल्या नम्रतेचीही एकदां परीक्षा करावी. 'मला येत नाहीं' या वाक्यांत कधीं कधीं नम्रता नसते, सूक्ष्म अभिमान असतो. 'मी करीन तर निर्दोष करीन. चार लोक हंसतील असें मी करणार नाहीं' हा त्याचा खरा अर्थ. कालिदासाला लोक हंसतील याचें भय होतें, तें त्यानें लिहून ठेविलें, आणि मग पुढचा सर्ग लिहिला.

एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना येथें मोठें काम आहे. रामायणांत सीतेच्या शोधासाठीं निघालेले वानर समुद्राच्या कांठीं येऊन थबकले. मीं इतकीं योजनें जाईन, मीं तितकीं, असें एकेक जण सांगूं लागला; अंगदाला परत येण्याची खात्री वाटेना. मारुति मात्र एकीकडे मुकाट्यानें बसला होता. त्या वेळीं म्हातारा जांबवान पुढें झाला. स्वतः उडी घेण्याचें त्याचें वय राहिलें नव्हतें आणि तसें त्यानें प्रांजळपणें सांगितलें. पण कोणाच्या अंगीं काय आहे हें त्याला ठाऊक होतें. त्यानें मारुतीला त्याच्या जन्माची आणि बळाची आठवण करून दिली. घरांतील म्हाताऱ्यांनीं 'देव पाहून घेईल' एवढें बोलून आंत निघून जावें, जसा मी गेलों, हें जांबवानाचें करणें नव्हे. तूं अमुक प्रसंग कसा निभावलास, तुझ्या अंगीं अमुक गुण आहे, अमक्याला जाऊन विचार, असें नेमकें सांगणें हें त्याचें काम.

आणि म्हाताऱ्यांनीं स्वतःविषयींही 'आमच्यानें आतां काय होणार' असें म्हणूं नये. अमरावतीचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन होमिओपॅथीचे चिकित्सक, स्वातंत्र्याच्या चळवळींत पडलेले. पन्नाशी उलटल्यावर, १९४६ सालीं, त्यांनीं अमरावतीस कुष्ठरोग्यांसाठीं तपोवन उभारलें. ज्यांना सख्खे नातलग दारांत उभे करीत नसत, त्यांचा संसार एका माणसानें कसा उभा करावा? तो त्या रोग्यांच्याच हातांनीं उभा राहिला. शेती आणि हस्तोद्योग त्यांनींच केले. जगानें ज्यांना निकामी म्हटलें होतें, तींच माणसें त्या कार्याचीं करणें झालीं. १९५९ सालीं सरकारनें डॉक्टरांना पद्मश्री दिली. उणें असलेलीं माणसें एकमेकांना धरून उभीं राहिलीं म्हणजे काय होतें याचें तें प्रत्यक्ष उदाहरण आहे.

त्या रात्रीनंतर दोन दिवसांनीं मीं पुतणसुनेला जवळ बोलाविलें आणि वहिनींची गोष्ट सांगितली. पूर्वीं आमच्या घरांत एकाच वेळीं दोघे जण हिंवतापानें पडले असतां हिनें धान्य, औषधें, मुलांच्या परीक्षा हें सारें महिनाभर कसें सांभाळलें होतें, त्याचीही आठवण दिली. मग एका कागदावर तिच्याकडून दोन रकाने करविले. एकांत 'मला काय येत नाहीं' आणि दुसऱ्यांत 'तें कोणाला विचारावयाचें'. पहिला रकाना तिनें भराभर भरला. दुसऱ्यापाशीं ती थांबली, विचार करूं लागली, आणि हळूहळू एकेक नांव लिहूं लागली. त्यांत शाळेचे कारकून होते, एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि ज्यांना चार शब्द सुनावण्याचें तिला भय वाटत होतें त्या वयस्क शिक्षकांपैकींही एक होते. "यांनाच विचारलें तर कदाचित् सुनवावें लागणार नाहीं," असें ती आपणहून म्हणाली. एकाच ओळीसमोर नांव लिहावयाचें राहिलें: 'मनांतील भीति'. तिनें माझ्याकडे पाहिलें. मीं देव्हाऱ्याकडे बोट दाखविलें.

वाचकहो, आपणांपैकीं कोणावर आज असाच भार येऊन पडला असेल. कोणाला नवें पद मिळालें असेल, कोणाच्या शिरावर वडिलांच्या मागें घराचा कारभार आला असेल, कोणा सुनेला अंथरुणास खिळलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा करावयाची असेल. देवापुढें बसून आपलें उणें अवश्य सांगावें. त्यानें मन स्थिर होतें. परंतु उठतांना एवढें ठरवून उठावें, कीं हेंच उणें आज मी कोणत्या माणसापुढें सांगणार आहें. माधानच्या त्या आंधळ्या महात्म्याला पान उलटणारा हात मिळाला. आपणांसही मिळेल. तो मागण्याची लाज मात्र आपली आपणच सोडिली पाहिजे.